यादी क्रमांक एक, नोंद अकरा

कार्यालयात मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे मला 'यादी' म्हणतात. "यादी जेवायला गेले का?", "हे यादींनाच विचारा," असं चालतं. पहिली दोन-तीन वर्षं मला राग यायचा. मग ते नाव मला आवडायला लागलं, आणि तिथेच माझं बिनसलं.

माझं काम लहान प्राण्यांचं. म्हणजे प्राण्यांशी माझा काही संबंध नाही. त्यांच्या कागदांशी आहे. कुणाला ससे मारायचे असतील, दुसऱ्याच्या कोठारातल्या घुशी पकडायच्या असतील, बागेतल्या खारींचा बंदोबस्त करायचा असेल, तर तो माणूस आधी माझ्या खिडकीशी येतो. खिडकीच्या काचेला खालच्या बाजूला अर्धगोल भोक आहे. त्यातून बोलायचं तर प्रत्येकाला कमरेत वाकावं लागतं. सतरा वर्षं लोक माझ्यापुढे वाकत आले. ते भोकामुळे वाकतात हे कळण्याइतकी अक्कल मला होती, पण ती मी कधी वापरली नाही.

कायदा तसा सोपा आहे. यादी एक : या प्राण्यांना हात लावायचा नाही, घरात शिरले तरी नाही. यादी दोन : परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या जागी, ठरलेल्या साधनाने पकडा किंवा मारा. यादी तीन : उपद्रवी, आपल्या घरात, आपल्या कोठारात कधीही पकडा, परवाना नको, पण विष घालायचं नाही, चिकट फळी ठेवायची नाही, दातांचा सापळा लावायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात एक टीप : जो प्राणी कुठल्याच यादीत सापडत नाही, तो यादी एकमधला समजावा.

तिन्ही याद्या मिळून चौऱ्याहत्तर नोंदी. मला त्या पाढ्यांसारख्या पाठ होत्या. साहेबांकडे पाहुणे आले की साहेब मुद्दाम माझ्या टेबलाशी थांबायचे. "यादी दोन, नोंद सहा?"

मी कागदावरून मान वर न करता म्हणायचो, "दीर्घकर्ण शशक. पिकाचं नुकसान सिद्ध झाल्यास, कापणीनंतर दोन महिने, फक्त जाळ्याने."

पाहुणे "वा" म्हणायचे. दीर्घकर्ण शशक म्हणजे ससा, एवढं मला माहीत होतं. बाकीच्या त्र्याहत्तरांबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून माझी अब्रू शाबूत होती. खरं सांगायचं तर उंदीर, खार आणि एकदा गाडीच्या काचेतून दिसलेलं मुंगूस, एवढ्याच प्राण्यांशी माझी ओळख. त्यातल्या उंदराला मी भितो. आमच्या स्वयंपाकघरात उंदीर निघाला की मी वर्तमानपत्र घेऊन जिन्यात वाचायला बसतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

आता पिंजरेवाल्या मावशींबद्दल सांगायला हवं, कारण खरं तर ही गोष्ट त्यांच्यामुळे सांगण्यासारखी झाली.

मावशी साठीच्या. लहानखुऱ्या, पाठीत किंचित वाकलेल्या, आणि दोन्ही हातांवर चाव्यांचे बारीक पांढरे वण. त्यांचे वडील पिंजरे लावायचे, त्यांच्यामागे या. गिरण्या, गोदामं, बेकऱ्या, जिथे धान्य तिथे घुशी, आणि जिथे घुशी तिथे मावशी. दुसऱ्याच्या जागेत पिंजरा लावायला व्यावसायिक परवाना लागतो. तो त्या दर तीन वर्षांनी माझ्याकडून नवा करून नेत. दोन वर्षांपूर्वी नियम बदलला. परवान्यासाठी लेखी परीक्षा आली. वीस प्रश्न, चौदा बरोबर यायला हवेत. परीक्षा घेणारा अर्थातच मी. प्रश्न काढणाराही मीच.

मावशी चष्मा पुसून बाकावर बसल्या. पंधरा-वीस मिनिटं कागदाकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी मला हळूच विचारलं, "साहेब, हा वृक्षमार्जार म्हणजे कोण हो?"

"परीक्षेत अर्थ सांगता येत नाही," मी म्हणालो.

"तसं नव्हे. दिसायला कसा असतो तेवढं सांगा, मी कुठल्या यादीत ते सांगते."

"मावशी, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा."

त्यांनी बऱ्याच जागा कोऱ्या सोडल्या. वीसपैकी पाच. मी लाल शाईने पाचाला गोल केला, परवाना रद्द केला आणि नियमाप्रमाणे त्यांचे चार पिंजरे जप्त करून, प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला बांधून, मागच्या खोलीत टाकले. मावशी चष्मा पिशवीत टाकून उठल्या. जाताना म्हणाल्या, "तिसऱ्या पिंजऱ्याचं दार जरा अडतं. तेल घालत जा." त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा असला पाहिजे. तिने मान हलवली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

आमची ही शिवणाचे वर्ग घेते. बाहेरच्या खोलीत चार यंत्रं, मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल. यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या टेबलावर वरून चुन्याचे पोपडे पडायला लागले. पांढऱ्या सॅटिनचा कुणाचा तरी लग्नाचा झगा बेतून ठेवला होता, त्यावर एके सकाळी मातीचं बोट उमटावं तसा डाग. शिकायला येणाऱ्या मुली माना वर करून छताकडे बघू लागल्या. वर, कौलं आणि लाकडी छत यांच्या मधल्या पोकळीत, काहीतरी धपकन उडी मारायचं आणि मग खरडत जायचं.

"अहो, वर कोणीतरी आहे," ही म्हणाली.

"घूस," मी म्हणालो. "यादी तीन, नोंद दोन. घराच्या आत कधीही."

"तुम्ही न बघता कसं सांगता?"

"सतरा वर्षं काय केलं मी?"

आमची मुलगी परीक्षेचा अभ्यास करत होती. पुस्तकातून डोकं न काढता ती म्हणाली, "बाबा, घुशीला भाताचा वास येतो का? दोन आठवडे झाले, माझ्या खोलीत कुणीतरी तांदूळ शिजवत ठेवल्यासारखा वास येतोय."

"तो शेजारून येतो," मी म्हणालो. शेजारचं घर वर्षभर बंद आहे, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.

घुशीसाठी पिंजरा हवा. बाजारात मिळतो, पण कार्यालयाच्या मागच्या खोलीत पिंजरे धूळ खात पडले असताना विकत कशाला आणायचा, असा विचार मी केला. शनिवारी सगळे गेल्यावर त्यातला सर्वांत मोठा एक मी गोणपाटात गुंडाळून घरी आणला. उसना आणला, म्हणजे कुणाला न विचारता. मुलीने शिडी धरली, मी छताची एक फळी सरकवली आणि हात जेवढा पोचेल तेवढा पिंजरा आत ढकलला. आत डोकं घालून बघायची माझी तयारी नव्हती. आमिष म्हणून एक खूप पिकलेलं केळं ठेवलं, कारण घरात तेच फुकट जाणार होतं.

रविवारी सकाळी चहाचा कप हातात असताना वरून आवाज आला. कुणीतरी रागाने थुंकावं, मग फुसफुसावं, मग पत्र्यावर मुठी आपटाव्यात असा. मी विजयी मुद्रेने शिडी चढलो आणि चढलो त्याच्या दुप्पट वेगाने उतरलो.

"काय आहे?" हिने विचारलं.

"घूस नाही," मी म्हणालो.

शेवटी पिंजरा मुलीने खाली काढला. आत मांजराएवढं, पण मांजरापेक्षा लांब एक जनावर होतं. करड्या अंगावर काळे ठिपके, डोळ्यांभोवती चोरासारखा काळा पट्टा, अंगाएवढी लांब शेपटी. ते माझ्याकडे बघून दात दाखवत होतं, आणि सगळ्या खोलीत भाताचा वास सुटला होता.

"बाबा, हे कुठल्या यादीत?" मुलीने विचारलं. चेष्टा नव्हती, तिला खरंच वाटलं मला माहीत असेल.

मी मनातल्या मनात चौऱ्याहत्तर नोंदी म्हणून काढल्या. मग याद्यांचं पुस्तक आणलं आणि पहिल्यापासून वाचलं. त्यात एकही चित्र नाही. पुस्तक हातात आणि जनावर समोर, आणि दोघांची ओळख करून देणारं घरात कुणी नाही. पुढच्या दाराने शिवण वर्गाच्या दोन मुली बटणं घ्यायला आल्या होत्या, त्याही बघत उभ्या राहिल्या.

मला एकच माणूस आठवला, आणि मग वाटलं, आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

परवाना गेल्यापासून मावशी फळांच्या शीतगृहात काम करत होत्या. मी गेलो तेव्हा त्या गमबूट घालून, पाइपच्या पाण्याने प्लास्टिकचे क्रेट धूत होत्या. मला बघून त्यांनी पाणी बंद केलं.

"साहेब, आता माझ्याकडे जप्त करायला काही नाही," त्या म्हणाल्या.

मी झालेली हकिकत सांगितली. पिंजरा कुठून आणला ते सोडून सगळी.

"मी कशी येऊ? मला परवाना नाही."

"तुम्ही फक्त बघून सांगायचं."

"सांगायला परवाना लागत नाही?"

"नाही," मी गंभीरपणे म्हणालो. "कलमात बोलण्याचा उल्लेख नाही."

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग इतक्या मोठ्याने हसल्या की आतून मुकादम बघायला आला. "चला," त्यांनी हात पुसले. "एवढे क्रेट होऊ द्या." राहिलेले क्रेट रचायला मी मदत केली. एक पाडला.

घरी आल्यावर त्यांनी आधी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग बिल्ल्याकडे, मग माझ्याकडे. "हा माझा तिसरा," त्या म्हणाल्या. "तेल घातलं नाहीत ना? दार अर्धवट अडकलंय. जोर लावला असता तर निसटली असती बिचारी."

मी खाली बघितलं. हिनेही माझ्याकडे बघितलं, ते मला न बघताच कळलं.

मावशी पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर उकिडव्या बसल्या. न हलता, न बोलता. जनावराचं फुसफुसणं हळूहळू कमी झालं. "उदमांजर आहे," त्या म्हणाल्या. "झाडावरचं. फळं खातं, उंदीरही खातं. म्हणून तुमच्याकडे घूस नाही, ही आहे. केळं ठेवलंत ना? मग दुसरं कोण येणार?"

मी पुस्तक चाळलं. "उदमांजर यादीत नाही," मी जाहीर केलं.

"कसं नसेल?"

"एकाही यादीत नाही. म्हणजे टीप लागू..." आणि बोलता बोलता माझं बोट यादी एकच्या अकराव्या नोंदीवर थांबलं. वृक्षमार्जार. वृक्ष म्हणजे झाड. मार्जार म्हणजे मांजर. हे दोन्ही अर्थ मला शाळेपासून माहीत होते.

मी पुस्तक मिटलं. मीच म्हणालो, "मावशी, परीक्षेत तुम्ही हेच विचारलं होतं."

"असेल," त्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष जनावराच्या पोटाकडे होतं. "साहेब, ते राहू द्या. ही लेकुरवाळी आहे. दूध दाटलंय बघा. पिल्लं वर असतील, सकाळपासून उपाशी."

मग जे झालं त्यात मी काही केलं नाही, तेवढं एक बरं झालं. मावशी शिडीवर चढल्या, छतात डोकं घातलं, आणि बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत राहिले. उतरल्या तेव्हा चेहऱ्यावर जाळी होती. "तीन आहेत. जुन्या गादीच्या कापसात. हात लावला नाही मी." त्यांनी पिंजरा होता तिथेच, पोकळीच्या तोंडाशी ठेवायला लावला, वर गोणपाट टाकलं, आणि दाराला दोरी बांधून तिचं टोक खाली आमच्या मुलीच्या हातात दिलं. "सगळे बाहेर अंगणात. यंत्रं बंद. मी सांगेन तेव्हा ओढ. शिंकायचं नाही, साहेब."

मला शिंक आलेली नव्हती. त्यांनी म्हटल्यावर यायला लागली.

मुलीने दोरी ओढली. दार अर्ध्यावर अडलं, पुन्हा ओढलं, आणि खट् झालं. वर पावलं पळाली. मग खूप वेळ काहीच नाही. मग बारीक, मांजराच्या पिल्लांसारखा, पण खरखरीत आवाज, आणि तो एकदम थांबला. "पाजायला लागली," मावशी म्हणाल्या. आमची ही डोळ्याला पदर लावत होती. मी पण दुसरीकडे बघितलं.

"आता पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही. जागा कळली म्हटल्यावर ती इथे राहणार नाही. दोन-चार दिवसांत एकेक करून नेईल. नेलं की भोक बुजवा. तोवर टेबलावर चादर घाला."

तसंच झालं. मंगळवारी दिवेलागणीला आम्ही तिघं अंगणातल्या बाकावर बसलो होतो. ती कौलांवरून आली, तोंडात मानेला धरलेलं पिल्लू, क्षणभर थांबली, आणि भिंतीवरून शेजारच्या बंद घरातल्या झाडावर गेली. मी उभा राहिलो होतो. का, ते मला सांगता येणार नाही.

पण त्याआधी सोमवार आला होता. यादी एकमधला प्राणी चुकून जरी पकडला गेला, तरी लेखी कळवायला हवं, असा नियम आहे. कळवायचं माझ्याच खिडकीशी. मी अर्ज भरला. पकडणाऱ्याचं नाव : मी. वापरलेलं साधन : जप्त पिंजरा क्रमांक तीन, विनापरवानगी नेलेला. साक्षीदार : पत्नी, मुलगी, शिवण वर्गाच्या दोन विद्यार्थिनी. खाली 'तपासणी अधिकाऱ्याचा अभिप्राय' अशी जागा होती. तिथे मला काय लिहावं सुचेना, म्हणून लिहिलं, 'अर्जदाराला प्राणी ओळखता येत नाहीत.' सही केली, शिक्का मारला आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "यादी, आरोपी तुम्ही, तपास तुमचा, शिक्काही तुमचा. मला काय काम ठेवलंय?"

"ताकीद, साहेब."

"ती तर देतोच," साहेब म्हणाले, आणि दिलीही, चांगली दोन पानी. पण मग म्हणाले, "ही शेवटची ओळ खरी आहे का?"

"खरी आहे."

"मग दोन वर्षं आपण कुणाची परीक्षा घेत होतो?"

याचं उत्तर मी कोरं सोडलं.

त्यानंतर एक महिना मावशी रोज दुपारी कार्यालयात आल्या. माझ्या बाजूला, काचेच्या आत, खुर्चीवर. मी एकेक नोंद वाचायचो, नावाची फोड करून अर्थ सांगायचो, त्या विचार करून नाव सांगायच्या. एकेका जनावराची चार-चार नावं निघाली. यादी एकच्या एकोणिसाव्या नोंदीचा प्राणी त्यांनाही माहीत नव्हता. त्यांनी सरळ "ठाऊक नाही" म्हटलं. एवढं सरळ मी त्या खुर्चीवर कधी बोललो नव्हतो. आता पुस्तकात प्रत्येक नोंदीपुढे बोलीतली नावं आहेत आणि चित्र आहे. परीक्षा तोंडी झाली : चित्रं, ठसे, लेंड्या आणि कुरतडलेल्या फळ्या दाखवायच्या, आणि विचारायचं की हा कोण, आणि याला पकडता येतं का. मावशींना वीसपैकी एकोणीस. परवाना मी माझ्या हाताने लिहिला.

साहेबांनी मग आणखी एक फतवा काढला की खिडकीवरच्या माणसानेही ही परीक्षा द्यावी. मी वीसपैकी सहा मिळवून नापास झालो. साळिंदराच्या काट्याला मी विणकामाची सुई म्हणालो. परीक्षक मावशी होत्या. त्यांनी मला एकदाही मदत केली नाही. दुसऱ्या वेळी अकरा आले. सध्या मी खिडकीवर 'प्रशिक्षणार्थी' अशी पाटी लावून बसतो, आणि सुट्टीच्या दिवशी मावशींच्या मागे शिडी घेऊन हिंडतो.

मागच्या आठवड्यात एका बागवानाने बोलावलं होतं. पेरूची नवी रोपं कुणीतरी रोज खात होतं, त्याला सशांसाठी परवाना हवा होता. मी मुद्दाम पुढे झालो. रोपाकडे वाकलो, शेंडा बघितला, आणि खाकरून म्हणालो, "ससाच. कापणी होऊन महिना झालाय, हंगाम चालू आहे. जाळं लावायला हरकत नाही."

मावशींनी शेंडा धरून दाखवला. "ससा तिरका कापतो, सुरीने कापावं तसा. आणि ससा एवढ्या उंच पोचत नाही. हे ओढून तोडलंय. कडा बघा, चिंध्या झाल्यात." मग त्यांनी कुंपणाकडे बोट केलं. कुंपणाच्या तारेत पांढऱ्या केसांचा झुबका अडकला होता, आणि पलीकडे बागवानाच्या सुनेची शेळी, सुटलेलं दावं ओढत, आमच्याकडे बघत उभी होती. तोंड चालूच होतं.

बागवान शरमला. सून धावत आली आणि शेळीला दटावत घेऊन गेली. मी खिशातून वही काढली आणि तिरक्या कापाचं चित्र काढून घेतलं. तिसरी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.